यंत्राच्या पोटात डोकावण्याचा इतिहास

मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी १९४८ साली उभ्या केलेल्या यंत्राची सगळी स्मृती एका काचेच्या नळीत मावत होती. त्या काळी रडारमध्ये वापरत तशीच ती कॅथोड किरण नळी. तिच्या पडद्यावर विद्युतभाराचे बारीक ठिपके उमटवायचे आणि विरून जाण्याआधी ते पुन्हापुन्हा ताजे करत राहायचे, ही विल्यम्स यांची युक्ती. ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, एवढ्यातच प्रोग्रॅम आणि त्याचे आकडे. अडचण अशी होती की ठिपके वाचण्यासाठी पडद्यावर धातूचा पत्रा लावावा लागे, त्यामुळे स्मृतीची नळी माणसाच्या नजरेआड जाई. म्हणून तिच्याशी जोडलेली दुसरी एक नळी त्यांनी समोर ठेवली. पहिल्या नळीत जे असेल ते या नळीवर जसेच्या तसे उमटे. कळ बदलली की त्याच पडद्यावर बेरजा साठवणारे रजिस्टर दिसे, किंवा सध्या कोणती आज्ञा चालू आहे ते दिसे.

२१ जून १९४८ रोजी या यंत्रावर १७ आज्ञांचा प्रोग्रॅम ५२ मिनिटे चालला आणि दोनच्या अठराव्या घाताचा (ती संख्या स्वतः सोडून) सर्वांत मोठा विभाजक शोधून थांबला. उत्तर छापून देणारे काहीच तिथे नव्हते. ते पडद्यावरच्या ठिपक्यांतूनच वाचायचे होते. आधीच्या प्रयत्नांत ठिपके पडद्यावर सैरावैरा नाचत आणि हाती काहीच लागत नसे, अशी आठवण विल्यम्स यांनी पुढे सांगितली. या यंत्रावर प्रोग्रॅमचे उत्तर आणि प्रोग्रॅमची अवस्था ही एकच गोष्ट होती, आणि ती पाहायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

मेमरीत कुठे काय आहे, कोणती आज्ञा चालू आहे, प्रोग्रॅम तिथवर कोणत्या वाटेने आला, हे सगळे चालू क्षणी माणसाला दाखवणाऱ्या साधनाला आज डीबगर म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा बराच वेळ त्याच्या संगतीत जातो. तरीही संगणकाच्या इतिहासात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. यंत्रांचा वेग, चिपांचा आकार, कंपन्यांच्या लढाया यांवर भरभरून लिहिले जाते. पण आत पाहू कोणाला द्यायचे आणि आतले दाखवायचे ते यंत्राच्या आकड्यांत की माणसाने दिलेल्या नावांत, या दोन प्रश्नांनी प्रोग्रॅम लिहिण्याचे काम जितके बदलले, तितके वेगानेही बदलले नसेल, असे मला वाटते.

मँचेस्टरच्या दोन वर्षे आधी फिलाडेल्फियात एनिॲक हे संगणकयंत्र जगापुढे आले होते. त्याच्या प्रत्येक ॲक्युम्युलेटरवर निऑन दिव्यांच्या रांगा होत्या. कोणते दिवे पेटले आहेत यावरून आत साठलेली दशमान संख्या वाचता येई. फेब्रुवारी १९४६ मध्ये पत्रकारांना यंत्र दाखवायचे होते, तेव्हा दिव्यांवर पिंगपाँगचे अर्धे कापलेले आणि आकडे रंगवलेले चेंडू बसवले गेले. वर्तमानपत्रांना ती झगमग आवडली. रोजच्या कामात मात्र ते दिवे खऱ्या अर्थाने वाचत होत्या सहा तरुणी : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. एनिॲकचा प्रोग्रॅम म्हणजे तारांची जोडणी आणि स्विचांची मांडणी. गणित कुठे बिघडते हे शोधायचे तर नेमक्या जागी तार उपसायची. यंत्र तिथेच थांबे आणि ॲक्युम्युलेटरांवरचे आकडे सावकाश टिपून घेता येत. यंत्र एकेका स्पंदाने पुढे सरकवायचीही सोय होती. आजच्या डीबगरमधला ब्रेकपॉइंट या तार उपसण्यातूनच आला, असे बेटी स्नायडर (लग्नानंतरच्या होल्बर्टन) यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. प्रोग्रॅम हवा तिथे थांबवावा आणि थांबल्यावर आत पाहावे, ही डीबगरची मूळ कल्पना या सहा जणींच्या हातांतून आली. त्यांची नावे लोकांपर्यंत पोचायला मात्र कित्येक दशके जावी लागली.

जून १९४९ मध्ये केंब्रिजमध्ये एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. तिथले एडसॅक यंत्र मे महिन्यात चालू झाले होते. मॉरिस विल्क्स यांनी त्याच्यासाठी पहिला गंभीर प्रोग्रॅम लिहायला घेतला. एअरी नावाच्या अवकल समीकरणाची कोष्टके काढायचा तो प्रोग्रॅम. यंत्र वरच्या मजल्यावर आणि कागदी फितीला भोके पाडायची सामग्री खाली, त्यामुळे जिन्यावरून सारखी ये-जा चाले. अशाच एका फेरीत जिन्याच्या वळणावर विल्क्स क्षणभर थांबले. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळले. ही आठवण त्यांनी १९८५ च्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्या प्रोग्रॅमची फीत पुढे सापडली आणि इतिहासकार मार्टिन कॅम्बेल-केली यांनी ती तपासली. १२६ ओळींत सुमारे २० चुका होत्या. विल्क्स हे त्या काळातल्या सर्वांत जाणत्या लोकांपैकी एक होते, हे लक्षात घेतले की हा आकडा अधिकच बोलका वाटतो.

त्याच महिन्यात एडसॅकच्या निमित्ताने केंब्रिजला परिषद भरली आणि तिथे ॲलन ट्युरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचे कसे, हा त्याचा विषय. ठरावीक टप्प्यांवर कोणत्या जागी काय असायला हवे, ते लिहिणाऱ्याने आधीच नोंदवून ठेवावे, असे त्यांनी सुचवले. चालू अवस्था पाहण्याआधी ती कशी असायला हवी याचे चित्र मनात स्पष्ट हवे, हा त्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे. हेच ट्युरिंग मँचेस्टरच्या पुढच्या यंत्रासाठी मात्र वेगळ्याच वाटेने गेले. पाच-पाच ठिपक्यांचा गट करून प्रत्येक गटाला टेलिप्रिंटरचे एक चिन्ह द्यायचे, म्हणजे बत्तीस चिन्हांची अंकपद्धती झाली. त्यातही लहान किमतीचा अंक डावीकडे. वापरणाऱ्यांनी हा तक्ता पाठ करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांना ते जड नव्हते, इतरांना फारच जड गेले.

एडसॅकवरही स्मृती दाखवणाऱ्या नळ्या होत्या आणि एक बटण दाबले की एकच आज्ञा चाले. साहजिकच लोक यंत्रापुढे बसून एकेक आज्ञा पुढे सरकवत आणि ठिपके पाहत विचार करत राहत. सेकंदाला सुमारे साडेसहाशे आज्ञा चालवणारे यंत्र तेवढा वेळ ताटकळत उभे राही. विल्क्स यांना ही उधळपट्टी वाटली आणि त्यांनी या प्रकाराला आळा घातला. स्टॅन्ली गिल यांनी त्याला पर्याय दिला. १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एडसॅकवरील चुकांच्या निदानावर लेख लिहिला. चूक शोधणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे त्या लेखाने पहिल्यांदा ठसवले.

गिल यांच्या दोन युक्त्या होत्या. पहिली, प्रोग्रॅम कोसळला की स्मृतीचा हवा तो भाग छापून काढणारा छोटा प्रोग्रॅम चढवायचा आणि छापील कागद घेऊन टेबलाशी जायचे. दुसरी युक्ती अधिक खोल होती. तपासायचा प्रोग्रॅम थेट यंत्राला न देता दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा. तो एकेक आज्ञा उचलून स्वतः पार पाडणार आणि प्रत्येक आज्ञेचे अक्षर कागदावर छापत जाणार. त्या अक्षरांच्या ओळीवरून प्रोग्रॅमने घेतलेली वाट दिसे, आणि ती अपेक्षित वाटेपासून कुठे फुटली तेही दिसे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमवर नजर ठेवण्याची ही सुरुवात. आजचा प्रत्येक डीबगर याच घराण्यातला आहे.

पुढच्या दहा वर्षांत यंत्रे महाग आणि वेगवान होत गेली, आणि प्रोग्रॅम लिहिणारा यंत्रापासून दूर ढकलला गेला. यंत्राचा एक चतुर्थांश ते निम्मा वेळ चुका शोधण्यात जात असे, असे फोर्ट्रान भाषेचे जनक जॉन बॅकस यांनी त्या काळाबद्दल लिहिले आहे. एवढ्या महागड्या यंत्रापुढे माणूस विचार करत बसणे संस्थांना परवडेना. मग भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, ऑपरेटर ती कामे एकामागून एक चालवणार, आणि निकाल काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळणार, अशी रीत पडली. प्रोग्रॅम कोसळला तर निकालाबरोबर संपूर्ण स्मृतीचा छापील भारा हाती येई. पानेच्या पाने अष्टमान आकडे. पेन्सिल घेऊन त्यातला एक आकडा पकडायचा, तो पत्ता असेल तर त्या पानावर जायचे, तिथून पुढच्या पत्त्यावर. स्वल्पविराम चुकला म्हणून आख्खा दिवस वाया गेल्याच्या हकिगती त्या पिढीतले लोक अजून सांगतात.

यंत्रापुढे बसणे आणि खिडकीत गठ्ठा देणे, ही दोन्ही रूपे मुंबईनेही पाहिली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेले यंत्र १९६० मध्ये पूर्ण झाले. ४० बिटांचे २०४८ शब्द मावतील एवढी त्याची चुंबकीय स्मृती. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. आलेख आणि अक्षरे दाखवणारा कॅथोड किरण पडदाही त्याला जोडलेला होता. ज्यांनी यंत्र बांधले तेच कन्सोलशी बसत, दिवे कसे पेटायला हवेत हे त्यांना आतून ठाऊक असे. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० आले. ताकद कैक पटींनी वाढली, देशभरातून कामे येऊ लागली आणि इथेही कार्डांच्या गठ्ठ्यांचा जमाना सुरू झाला.

मधल्या काळात अमेरिकेत एका यंत्राच्या नशिबी वेगळेच आले. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने ट्रान्झिस्टरची चाचणी घेण्यासाठी टीएक्स-० नावाचे यंत्र बांधले होते. त्याचे काम झाल्यावर १९५८ मध्ये ते विद्यापीठाच्या आवारात आणून ठेवले गेले. त्याच्या वापराचे कोणी भाडे वसूल करत नव्हते, त्यामुळे रात्री-अपरात्री विद्यार्थी त्याच्यापुढे बसू शकत. टंकयंत्रासारखा फ्लेक्सोरायटर, गोल पडदा आणि दिव्यांचा फलक, सगळे हाताशी. तिथे जॅक डेनिस आणि थॉमस स्टॉकहॅम यांनी १९६० च्या सुमारास फ्लिट हा डीबगर लिहिला. फ्लिट हे त्या काळच्या घरोघरीच्या कीटकनाशकाचे नाव.

फ्लिटने फार मोठा बदल घडवला. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर होताना माणसाने जागांना दिलेली नावे पुसली जात आणि उरत फक्त पत्ते. फ्लिटने ती नावांची यादी जपून ठेवली. त्यामुळे ‘बेरीज’ नावाच्या जागेत काय आहे असे टंकून विचारता येई आणि आतली आज्ञाही आकड्यांऐवजी आज्ञेच्या नावाने छापून येई. बदल करायचा तर तिथेच टंकायचा. १९६१ मध्ये डीईसी कंपनीचे पीडीपी-१ यंत्र एमआयटीत आले, तेव्हा ॲलन कोटॉक या विद्यार्थ्याने हेच काम त्यावर आणले. त्याने आपल्या डीबगरला नाव दिले डीडीटी. जागेचे नाव टंकून तिरकी रेघ मारली की ती जागा उघडे, आतले दिसे, नवे लिहिता येई.

थांबवायची कलाही इथे पक्की झाली. डीबगर हव्या त्या जागची आज्ञा उचलून बाजूला ठेवतो आणि तिथे स्वतःकडे उडी मारणारी आज्ञा बसवतो. प्रोग्रॅम पूर्ण वेगात धावतो, त्या जागी येताच डीबगरच्या हाती सापडतो, पाहणी झाली की मूळ आज्ञा परत जागेवर. गिल यांच्या पद्धतीत प्रत्येक आज्ञेला वेळ मोजावा लागे, इथे फक्त थांबण्याच्या जागी. आजचे डीबगरही मुळात हेच करतात. १९६० च्या दशकात एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणाऱ्या यंत्रणा आल्या आणि टीएक्स-० वरच्या मूठभर मुलांना मिळालेली ही मोकळीक हळूहळू इतरांपर्यंत पोचली.

तरीही हे सगळे प्रश्नोत्तर होते. एक जागा विचारा, एक उत्तर मिळेल. समग्र चित्र माणसाने डोक्यात जुळवायचे. ते पडद्यावर मांडायचा पहिला धाडसी प्रयत्न रँड संस्थेतल्या रॉबर्ट बाल्झर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे नाव एक्सडॅम्स. प्रोग्रॅम चालत असताना घडलेला प्रत्येक बदल एका इतिहास-फितीवर नोंदवायचा आणि मग तो इतिहास पडद्यावर पुढे किंवा मागे हवा तसा फिरवायचा. चूक झालेल्या क्षणापासून उलटे चालत जाता येई. एखादी चुकीची किंमत कुठून आली असे विचारले, तर ती ज्या किमतींतून निघाली त्या, त्या ज्यांतून निघाल्या त्या, असा झाडासारखा पट उलगडे. ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थक्क झालो. माणसाला खरे तर हेच हवे असते. पण साऱ्या बदलांची नोंद ठेवायला लागणारी जागा आणि वेळ त्या काळी कोणाला परवडणार? कल्पना रोजच्या वापरात आली नाही.

खिडक्यांचा डीबगर कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात जन्मला. १९७३ मध्ये तिथे ऑल्टो यंत्र तयार झाले. प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र, ठिपक्या-ठिपक्यांनी रंगणारा उभा पडदा आणि माऊस. यंत्राचा वेळ वाया जातो ही भीती तिथे उरली नाही. ऑल्टोवरचा स्वॅट नावाचा डीबगर बिघडलेल्या प्रोग्रॅमची सगळी मेमरी डिस्कवर लिहून ठेवी, स्वतः यंत्रात उतरे, आणि डिस्कवरच्या प्रतीची तपासणी करू देई. पाहणाऱ्यामुळे पाहिली जाणारी गोष्ट बिघडू नये, याची ती काळजी.

ॲलन के यांच्या गटाचे स्मॉलटॉक मात्र त्याहून खूप पुढे गेले. त्यांना मुलांच्या हाती संगणक द्यायचा होता. अष्टमान आकड्यांचा भारा मुलांपुढे टाकता येत नाही, म्हणून दाखवायचे कसे हा प्रश्न त्यांनी मुळापासून हाताळला. डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग, लॅरी टेसलर यांच्या हातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेल्या या पर्यावरणात चूक घडली की प्रोग्रॅम मरत नसे, जागीच थबके. आधी एक छोटी खिडकी उघडे : काय झाले आणि शेवटच्या काही हाका प्रोग्रॅमच्या कोणत्या भागाने कोणाला दिल्या. आणखी पाहायचे असेल तर मोठी खिडकी. वरच्या कप्प्यात हाकांची पूर्ण साखळी. त्यातल्या एका ओळीवर माऊस टेकवला की खालच्या कप्प्यात तिथला मजकूर आणि ज्या ठिकाणी काम थांबले तो भाग ठळक. तळाशी, ती हाक ज्या वस्तूला (म्हणजे प्रोग्रॅमच्या घटकाला) दिली तिच्या आतल्या आणि त्या हाकेपुरत्या किमती. मजकूर तिथेच दुरुस्त करा, ‘पुढे चल’ म्हणा, काम पुढे सुरू. हे शक्य झाले कारण स्मॉलटॉकमध्ये हाकांच्या साखळीतली प्रत्येक कडीसुद्धा इतर वस्तूंसारखीच एक वस्तू होती. तिला प्रश्न विचारता येत. डीबगर हा बाहेरचा पाहुणा राहिला नाही, त्याच भाषेत लिहिलेला घरचा माणूस झाला. आज कोणत्याही डीबगरमध्ये साखळी, मजकूर आणि किमती अशा ज्या खिडक्या दिसतात, त्यांची मांडणी इथे ठरली.

त्याच केंद्रात ब्रॅड मायर्स यांनी आणखी एक उणीव ओळखली. एका नोंदीत दुसऱ्या नोंदीचा पत्ता असतो, तिच्यात तिसरीचा. हे पत्ते आकड्यांत दाखवून काय उपयोग? फळ्यावर समजावून सांगताना आपण चौकट काढतो आणि बाण मारतो. त्यांच्या इन्सेन्स या प्रणालीने (१९८३ मध्ये प्रसिद्ध) मेसा भाषेतल्या चालू प्रोग्रॅमची माहिती अशाच चौकटी आणि वळणदार बाणांनी आपोआप रेखाटली. एखाद्या प्रकारच्या माहितीसाठी प्रोग्रॅमरला स्वतःचे चित्रही ठरवता येत होते.

यानंतर जग याच दिशेने धावले असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. विद्यापीठांतून आणि कार्यालयांतून पसरली ती युनिक्स ही कार्यप्रणाली, आणि तिच्यापुढे होते साध्या अक्षरांचे टर्मिनल. बर्कलीत मार्क लिंटन यांनी लिहिलेला डीबीएक्स आणि १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी आणलेला जीडीबी हे दोन्ही पुन्हा प्रश्नोत्तरांचे. आज्ञा टंका, एक ओळ वाचा. त्यांनी मूळ मजकुरातली नावे आणि ओळी जपल्या आणि ते फुकट किंवा सहज मिळत, म्हणून जगभर रुजले. अपवादही होते. बेल प्रयोगशाळेतल्या ब्लिट या चित्रमय टर्मिनलवर टॉम कारगिल यांनी माऊसने चालणारे डीबगर लिहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यास सन कंपनीने डीबीएक्सला खिडक्यांचे रूप दिले. पण असे पडदे थोड्यांच्याच टेबलावर होते.

सामान्य विद्यार्थ्याला आतले दिसले ते बोरलँड कंपनीमुळे. १९८८ मध्ये टर्बो पास्कल ५.० आणि टर्बो सी २.० बाजारात आले, तेव्हा लिहिणे, चालवणे आणि तपासणे एकाच पडद्यावर आले होते. साधा घरगुती पीसी आणि अक्षरांचाच पडदा. एफ-७ दाबले की एक ओळ पुढे, फंक्शनच्या आत शिरून. एफ-८ दाबले की आत न शिरता. चालू ओळीवर रंगीत पट्टी सरके आणि खालच्या ‘वॉच’ खिडकीत निवडलेल्या व्हेरिएबलची किंमत डोळ्यांदेखत बदले. लूप म्हणजे काय हे पुस्तकातून न कळलेल्या मुलांना ती पट्टी वर जाऊन पुन्हा खाली येताना पाहून कळले. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो निळा पडदा पुढची वीस-पंचवीस वर्षे टिकला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हाताशी आणि समोर टर्बो सी, अशी एक आख्खी पिढी घडली. मला खंत एवढीच वाटते की प्रयोगशाळेच्या वहीत प्रोग्रॅम आणि उत्तर उतरवायला लावले जाई, पण एफ-७ दाबून आत पाहायला अनेकांना कोणी शिकवलेच नाही.

दाखवण्यापुढे एक नवे संकटही उभे राहिले होते. प्रोग्रॅम वेगवान व्हावा म्हणून कंपायलर आज्ञांची फिरवाफिरव करतो, काही किमती मेमरीत लिहीतच नाही. मग मजकुरातली ओळ आणि यंत्रातली जागा यांचा मेळ तुटतो. डीबगर दाखवतो ती किंमत जुनी किंवा चुकीचीही असू शकते. जॉन हेनेसी यांनी १९८२ मध्येच या प्रश्नाची नीट मांडणी केली होती. न दिसण्यापेक्षा चुकीचे दिसणे अधिक घातक, म्हणून किंमत खात्रीने सांगता येत नसेल तर डीबगरने तसे स्पष्ट सांगावे, ही शिस्त त्यातून हळूहळू आली.

१९९० च्या दशकात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग विद्यापीठात आंद्रेआस झेलर आणि डोरोथिया ल्यूटकेहाउस यांनी डीडीडी तयार केला. जीडीबीच्याच पाठीवर बसून तो चौकटी आणि बाण काढी. बाणावर दोनदा क्लिक केले की पुढची चौकट उलगडे. मायर्स यांचे चित्र अखेर साध्या युनिक्स वापरणाऱ्यापर्यंत पोचले. तरी १९९७ मध्ये हेन्री लीबरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकाचा विशेष विभाग संपादित करताना डीबगिंगची अवस्था लाजिरवाणी असल्याचे ठणकावून सांगितले. यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली आणि चुका शोधणारे अजून छापील ओळींवरच विसंबतात, ही त्यांची तक्रार रास्त होती.

त्यानंतर बाल्झर यांची जुनी कल्पना पुन्हा वर आली. २००४ मध्ये एमी को आणि ब्रॅड मायर्स यांनी व्हायलाइन दाखवले. पडद्यावर जे घडले त्याबद्दल ‘हे असे का झाले’ किंवा ‘ते का झाले नाही’ असा प्रश्न यादीतून निवडायचा, आणि कारणांची साखळी समोर उलगडे. २०१४ मध्ये मोझिलाने आरआर हा डीबगर खुला केला. फायरफॉक्स या ब्राउझरच्या काही चाचण्या कधीतरीच फसत आणि पुन्हा चालवल्या की सुखरूप पार पडत. अशा चुका पकडण्यासाठी तो केला होता. त्याची खुबी अशी की तो सगळे बदल नोंदवत नाही. बाहेरून आलेल्या गोष्टी, म्हणजे फाइलमधून वाचलेले, नेटवर्कवरून आलेले आणि कोणत्या क्षणी काय मध्ये आले एवढेच नोंदवतो. बाकीचे सारे त्याच बीजातून पुन्हा तसेच घडवता येते. त्यामुळे मागे जाणे रोजच्या कामात परवडू लागले. शिकणाऱ्यांसाठी फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये पायथन ट्युटर सुरू केले. ब्राउझरमध्ये काही ओळी लिहा, पुढे-मागे सरका, प्रत्येक पायरीला चौकटी आणि बाणांचे ताजे चित्र. टर्बो सीच्या काळात हे हाताशी असते तर पॉइंटर या विषयाचा धसका कितीतरी कमी झाला असता.

आता प्रोग्रॅम एका यंत्रात राहत नाही. रेल्वेचे तिकीट काढताना एक विनंती कित्येक यंत्रांतून फिरून येते, आणि त्या सगळ्यांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. मग या क्षणाची अवस्था म्हणजे कोणत्या क्षणाची? के. मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्येच याचे उत्तर दिले होते. आषाढी वारीत दिंड्या मैलोन्मैल पसरलेल्या असतात, एका जागी उभे राहून सगळे वारकरी मोजता येत नाहीत. मग निरोप पुढे पाठवायचा, तो पोचला की प्रत्येक दिंडीने आपली मोजणी करायची, आणि दोन दिंड्यांच्या मधल्या वाटेवर असलेले सुटणार नाहीत असा नियम बांधायचा. चंडी-लॅम्पोर्ट यांची पद्धत यंत्रांबाबत असेच करते, आणि वाटेतल्या निरोपांनाही हिशेबात धरते. त्यातून मिळणारी अवस्था एका क्षणी जशीच्या तशी घडलेली असेलच असे नाही, पण ती घडू शकणारी आणि आतून सुसंगत असते, हे त्यांनी सिद्ध केले.

रोजच्या कामात मात्र त्याहून साधा मार्ग रुळला. २०१० मध्ये गूगलने डॅपर या आपल्या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यायचा, ती जिथे जाईल तिथे त्या क्रमांकाने वेळ टिपायची आणि शेवटी सगळ्या नोंदी एकाखाली एक आडव्या पट्ट्यांत मांडायच्या. कोणत्या यंत्रात किती वेळ गेला, ते त्या पट्ट्यांत दिसते. त्या यंत्रांच्या आत त्या वेळी कोणत्या किमती होत्या ते दिसत नाही. त्यासाठी अजूनही एकेका यंत्रात उतरून, एकेका खिडकीतून पाहावे लागते.